गच्चीवरची बिनमातीची शेती: पिकतं मानखुर्दला, खपतं वांद्र्याला

गच्चीवाली

मानखुर्दच्या एका पुनर्वसन वसाहतीत मी बचत गटांचं काम बघते. तिथल्या एका सात मजली इमारतीच्या गच्चीवर हायड्रोपोनिक, म्हणजे बिनमातीची, शेती चालू आहे. पैसा एका कंपनीच्या सीएसआरमधून (सामाजिक कामासाठीच्या निधीतून) आला, उभारणी एका ठेकेदाराने केली, राबतात गटातल्या बायका. ज्यांनी असलं काही पाहिलं नाही त्यांच्यासाठी: उतरत्या लावलेल्या पीव्हीसी पाइपांच्या रांगा, पाइपांना भोकं, भोकांत जाळीचे कप, कपात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि रोप. पंप खतपाण्याचा पातळ ओघळ सतत फिरवत असतो, मुळं त्यात लोंबत वाढतात. वर हिरवी शेडनेट. रोज पेनासारखी दोन मीटरं पाण्यात बुडवायची. एकावर पीएच, म्हणजे पाण्याचा आंबटपणा, बघायचा, तो साडेपाच ते साडेसहाच्या मध्ये हवा. दुसऱ्यावर क्षार. मग 'ए' आणि 'बी' अशा दोन कॅनमधलं खत मापाने घालायचं.

चौथी-पाचवीपर्यंत शिकलेल्या बायका हे बिनचूक करतात. 'ए'मध्ये कॅल्शियम नायट्रेट, 'बी'मध्ये मॅग्नेशियम सल्फेट आणि फॉस्फेट. दोन्ही घट्ट द्रावणं आधीच एकमेकांत ओतली तर तळाला पांढरा साका बसतो आणि खत फुकट जातं. हे मला एका मावशींनी बादलीत करून दाखवलं. ठेकेदाराच्या माणसाने प्रशिक्षणात नुसतं 'मिक्स करू नका' एवढंच सांगितलं होतं.

आता भांडणाचं कारण. वसाहतीतल्या इमारतींच्या फेडरेशनच्या बैठकीत प्रस्ताव आला की आणखी इमारतींच्या गच्च्या द्याव्यात. एका बाजूने 'द्या', दुसऱ्या बाजूने 'असली थेरं बंद करा, पापड-कुरडया वाळवायला जागा राहिली नाही'. माझं मत: शेती वाढावी, पण आज चालली आहे तशी नको.

आज गच्चीवर काय पिकतं? लेट्यूस, बेझिल, पाकचोय. सगळा माल वांद्रे-खारच्या हॉटेलांत जातो. पहिल्या तोडणीच्या वेळी त्याच मावशींनी लेट्यूसचं पान चावून विचारलं, "ह्याची भाजी किती पाण्यात शिजवायची?" शिजवायची नसते म्हटल्यावर, "मग खातं कोण हे?"

हा सगळा पालिकेचा एम पूर्व वॉर्ड. 2009 च्या मुंबई मानव विकास अहवालात शहरात तळाला असलेला. राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत आलंय. त्यांच्या डोक्यावर हिरव्या पानांचं शेत आहे आणि त्यातलं एक पान खाली जिना उतरून अंगणवाडीत जात नाही. पालक, लाल माठ, चवळई, अंबाडी, पुदिना ह्या पाइपांत येऊ शकतात. शिवाय आमच्याकडच्या बायका नाक्यावर जो पालक घेतात त्यातला काही रुळांच्या कडेचा असतो. रेल्वेच्या 'ग्रो मोअर फूड' योजनेतल्या जमिनींवरचा, आणि त्याला पाणी कुठल्या नाल्याचं, हे हार्बर लोकलच्या प्रवाशांना मी सांगायला नको.

पर्यावरणाच्या बाजूनेही मला शेती पटते. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनातल्या यूमा भागासाठी संशोधकांनी 2015 साली हिशेब मांडला होता: किलोभर लेट्यूसला शेतात अडीचशे लिटर पाणी, हायड्रोपोनिकला वीस. मुंबईसारख्या पाणीकपातीच्या शहरात याहून वेगळा युक्तिवाद काय हवा?

माझी मागणी अशी: नव्या गच्च्या देताना फेडरेशनने अट घालावी की अर्धं पीक वसाहतीच्या ताटात गेलं पाहिजे. मतं मांडा.

---

नुसता वाचक

फेडरेशनची बैठक आणि विषय गच्ची. भांडण लेट्यूसवरून होतं असं वाटणाऱ्यांना माझा दंडवत.

---

शहापूरकर

ताई, काम चांगलं करताय, पण पाण्याचा तो आकडा मुंबईच्या गच्चीवर लावू नका.

अडीचशे विरुद्ध वीस, मान्य. पण वाचलेलं पाणी कुणाचं? शेतात लागणारं पाणी नाशिक-जुन्नरच्या विहिरीचं, कालव्याचं. ते मुंबईत वाचत नाही. तुमच्या गच्चीवरचं वीस लिटर मात्र तलावाचं, गाळून, क्लोरिन मारून, शंभरएक किलोमीटर आणलेलं पिण्याचं पाणी आहे. ते शहराच्या कोट्यात नव्याने वाढलं. कपातीच्या दिवसांत हे पाणी वाचवणं कसं झालं? 2024 च्या जूनमध्ये तुमच्याकडे 10 टक्के कपात होती, तेव्हाही पाइप भरत होतेच ना?

आणि ते येतं कुठून तेही सांगतो. तानसा, भातसा, मोडकसागर, सगळे आमच्या शहापूर तालुक्याच्या अंगाखांद्यावर. मुंबईचं जवळजवळ निम्मं पाणी एकट्या भातसाचं. आमच्याकडे धरणाच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावरच्या पाड्यांना एप्रिल-मेमध्ये टँकर लागतो. बायका डोक्यावर दोन हंडे घेऊन चढ चढतात. ते पाणी खाली उतरून मुंबईत वांद्र्याच्या सॅलडात जाणार आणि वर त्याला पर्यावरणपूरक म्हणणार.

---

गच्चीवाली

शहापूरकर, तुमचा राग समजतो. पण मुंबईला रोज साधारण 3,850 दशलक्ष लिटर पाणी येतं आणि त्यातलं चौथ्या हिश्शाहून जास्त गळती-चोरीत जातं. आमच्या टाकीचं पाणी त्यात शोधूनही सापडणार नाही. गाड्या धुणाऱ्यांना, जलतरण तलाववाल्यांना सोडून पहिला प्रश्न बचत गटालाच का?

आणि पावसाचं काय? मुंबईत वर्षाला सरासरी 2,200 मिलिमीटरच्या वर पडतो. शंभर चौरस मीटर गच्चीवर दोन लाख लिटरहून जास्त. पावसाच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात, हायड्रोपोनिकला त्याहून उत्तम पाणी नाही.

---

आरसीसी

पाऊस चार महिन्यांत पडतो, शेती बारा महिने चालते. मधलं पाणी ठेवणार कुठे? दहा हजार लिटर म्हणजे दहा टन. गच्चीवर ठेवू म्हणालात तर मी आत्ताच तुमच्या इमारतीखालून गाडी काढतो. (खाली जमिनीत टाकी असेल तर बोला. पुनर्वसन इमारतींत जमिनीखालची टाकी बऱ्याचदा असते, पण ती पिण्याच्या पाण्याची. वेगळी बांधायला पैसा कोण देणार?)

---

बिनपाण्याचा

आमची वस्ती अजून 'अघोषित' आहे, म्हणजे झोपडपट्टी म्हणून सरकारी नोंदच नाही, म्हणून गच्चीच नाही, तर गच्चीवरचं शेत लांबच राहिलं. 15 डिसेंबर 2014 ला उच्च न्यायालयाने सांगितलं की झोपडी बेकायदा असली तरी माणसाला पाणी नाकारता येत नाही. मग 2022 ला पालिकेचं 'सर्वांसाठी पाणी' धोरण आलं. आमच्या गल्लीत अजून ड्रम विकत घेतो. गटारातून गेलेल्या पाइपाचं पाणी. कंपनीवाल्यांना गच्चीवर पाइप टाकायला पैसे मिळतात, गल्लीत टाकायला मिळत नाहीत. गल्लीचा फोटो चांगला येत नसेल.

---

मीटर रीडर

धागाकर्तीने त्या 2015 च्या हिशेबातला पाण्याचा रकाना दिला, शेजारचा विजेचा नाही दिला. तो मी देतो. शेतातल्या किलोभर लेट्यूसला 1,100 किलोज्यूल, हायड्रोपोनिकच्या किलोला 90,000. बिलाच्या भाषेत 25 युनिट. देशाच्या ग्रिडची सरासरी धरली तर युनिटमागे 0.7 किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड, म्हणजे एक किलो पानांसाठी साडेसतरा किलो धूर. मुंबईच्या विजेचा मोठा हिस्सा अजून कोळशाचाच आहे, डहाणूचं औष्णिक केंद्र काय उदबत्तीवर चालत नाही.

नाशिकहून टेम्पो येतो तो याहून स्वस्तात आणि कमी धुरात येतो. 'फूड माइल्स'चं, म्हणजे अन्न किती लांबून येतं त्या मोजमापाचं, कौतुक करणाऱ्यांनी एकदा हा भागाकार करावा.

---

गच्चीवाली

तुम्हीही रकाना अर्धाच वाचलात. त्या 90,000 पैकी बहुतांश भाग बंदिस्त काचघर गरम-थंड ठेवण्याचा आहे, उरलेला मुख्यतः कृत्रिम दिव्यांचा. पाणी फिरवणाऱ्या पंपाचा वाटा एक टक्क्याहूनही कमी आहे. आमच्याकडे ना एसी, ना दिवे. वर शेडनेट, खाली पंप. चाळीस वॉटचा पंप चोवीस तास चालला तर दिवसाला एक युनिट होतं. मला वाटतं वसाहतीतला एक जुना फ्रिज याहून जास्त खातो.

---

मीटर रीडर

बरोबर, गच्चीच्या शेतीला तो आकडा लागू नाही, अंधेरी-पवईला गाळ्यांत गुलाबी दिवे लावून जे चालतं त्याला लागू आहे. मग पाण्याचा आकडाही लागू नाही, कारण तोही त्याच काचघराचा. उघड्या गच्चीवर मे महिन्याच्या वाऱ्यात पानांतून किती पाणी उडतं याचं मोजमाप तुमच्याकडे आहे का? तोट्याचा रकाना परदेशी आणि नफ्याचा देशी, असं चालणार नाही.

---

जुन्नरकर

मी शेतकरी आहे. पॉलीहाउस केलंय, ढोबळी मिरचीत हात पोळलेत, म्हणून बोलतो.

तुमच्या गच्चीवर सगळ्यात मोठी अडचण उन्हाळा आणि ऑक्टोबर. खतपाणी तिशीच्या वर तापलं की त्यातला विरघळलेला प्राणवायू कमी होतो आणि मुळावर पिथियम हा मुळं कुजवणारा रोग बसतो. रोप वरून ताजंतवानं दिसतं. कप उचलून बघा: पांढऱ्याशुभ्र मुळाच्या जागी चहाच्या रंगाची बुळबुळीत शेपटी, बोटाने ओढलं की साल निघून येते आणि आत दोऱ्यासारखं उरतं. वास कुजक्या कोबीचा. पाणी एकच फिरतं म्हणून एका पाइपाचा रोग दुपारपर्यंत सगळ्या पाइपांत. मातीत असं होत नाही, माती सावरून घेते. पंप बंद पडला तरी तेच. 12 ऑक्टोबर 2020 ला मुंबईचं ग्रिड बसलं होतं ना, त्या दिवशी ऑक्टोबर हीटमध्ये ओघळपद्धतीवाल्यांचं काय झालं असेल याचा विचार करा. पाइपात साठा नसतो, मुळं काही तासांत सुकतात.

दुसरं. तुमच्या गच्चीवरचा माल 'ऑरगॅनिक' म्हणून विकला जातो का? विकत असाल तर थांबवा. कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यावर वाढलेलं पीक सेंद्रिय कसं? युरोपीय संघात मातीबाहेर वाढवलेल्या भाजीला सेंद्रिय म्हणताच येत नाही. अमेरिकेत म्हणता येतं, त्यावरून तिथे कोर्टात गेले लोक. आम्ही युरियाची गोण टाकली की विष, आणि शहरात तेच नत्र कॅनमधून आलं की 'क्लीन फूड'. आणि कीड येत नाही म्हणणाऱ्यांनी मावा, फुलकिडे गच्चीचा जिना चढत नाहीत असं समजू नये.

---

गच्चीवाली

'ऑरगॅनिक' आमच्या पुड्यांवर लिहिलेलं नाही. हॉटेलवाले मेन्यूत काय लिहितात ते माझ्या हातात नाही. मावा आला होता, निंबोळी अर्क मारला.

---

तिसरा मजला

मी अशाच एका दुसऱ्या वसाहतीत राहते, आमच्याकडेही गट आहे, म्हणून ताईंनाच विरोध करते.

"अर्धं पीक वसाहतीच्या ताटात" हे ऐकायला गोड आहे. पालकाची जुडी मला वाशीहून आलेली नाक्यावर मिळते, चार पैसे इकडे-तिकडे. तोच पालक मी खत, वीज, कप, कोकोपीट घालून गच्चीवर काढला तर महागच पडणार. मग तो मीच खायचा? हॉटेलवाला लेट्यूसला पालकाच्या कितीतरी पट भाव देतो. ते पैसे हातात आले की मी पालकही घेईन, अंडीही घेईन, पोराची फीही भरेन. रक्तात लोह पानाने वाढेल की पैशाने, ते माझं मला ठरवू द्या ना.

श्रीमंताने घरची भाजी खाल्ली तर तो त्याचा छंद. आम्ही विकायला लागलो की सगळ्यांना आमच्या ताटाची काळजी. आमच्या बायका पापड लाटतात ते पापड आधी अर्धे घरी खा, असं कुणी सांगितलं का आजवर?

आणखी एक. घरकाम सोडून गच्चीवर येणाऱ्या बाईला दोन तास वारा मिळतो. आमच्या इमारती एकमेकींना इतक्या चिकटून आहेत की खालच्या मजल्यांवर दुपारी ट्यूब लावावी लागते. गच्चीला कुलूप असायचं, चावी सेक्रेटरीकडे. शेतीच्या निमित्ताने ते कुलूप उघडलं. माझ्या लेखी हा फायदा तुमच्या लिटर आणि युनिटपेक्षा मोठा आहे.

---

गच्चीवाली

पापडाचं उदाहरण बरोबर बसत नाही. पापडाला कुणी समाजहित म्हणून गच्ची फुकट देत नाही. गच्ची सगळ्या इमारतीची सामाईक आहे. दहा बायकांच्या कमाईसाठी सत्तर घरांनी ती सोडायची, तर सत्तर घरांना काही मिळायला नको का? पान नको तर भाडं द्या, भाडं नको तर पान द्या.

---

तिसरा मजला

मग सरळ भाडं मागा. पोषणाचं नाव कशाला? मोबाइल टॉवरवाल्यांकडून घेतोच की आपण.

---

वसईवाला

आमच्या आज्या विरारहून पहाटेच्या गाडीने टोपल्या घेऊन दादरला उतरायच्या. आळू, मुळा, वाल, केळी, फुलं. अजूनही थोड्या उतरतात, पण वाड्या गेल्या, टॉवर आले. मुंबईच्या ताज्या भाजीचा प्रश्न खरंच सोडवायचा असेल तर वसई-पालघरची उरलेली शेतजमीन बिल्डरच्या तावडीतून वाचवा. तिथे माती आहे, पाणी आहे, माहीतगार माणसं आहेत. ते सगळं आधी काँक्रीटखाली गाडायचं आणि मग त्या काँक्रीटच्या डोक्यावर पाइप लावून शेती करायची, आणि त्याला म्हणायचं नवकल्पना.

पावसाळ्यात आदिवासी बायका स्टेशनबाहेर शेवळं, टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोळी घेऊन बसतात. ना खत, ना पंप, ना सीएसआर. पालिकेची गाडी आली की टोपली उचलून पळावं लागतं. त्यांना बसायला फूटभर जागा दिली तर ती 'सामुदायिक शेती'ला मदत नाही का?

---

नुसता वाचक

कंटोळ्याचं नाव काढलंत आणि भूक लागली. विषय कुठे होता?

---

ओला कचरा

विषय मुंबईच्या पर्यावरणाचा असेल तर अजून कुणी मुख्य मुद्द्याला हातच घातला नाही.

शहरात रोज साडेसहा हजार टनांच्या आसपास कचरा निघतो, त्यात ओलाच जास्त. देवनारचं डम्पिंग ग्राउंड 1927 पासून भरतंय, आणि मानखुर्द-गोवंडीचे लोक त्याचा धूर गिळतात. बाकीचा कचरा कांजूरच्या डम्पिंगला. 20,000 चौरस मीटरच्या वरच्या किंवा रोज 100 किलोहून जास्त कचरा करणाऱ्या संकुलांनी ओला कचरा आवारातच जिरवावा, हा पालिकेचा 2017 पासूनचा आग्रह आहे. जिरवून झालेल्या खताचं करायचं काय, हे बहुतेक सोसायट्यांना कळत नाही. पोती भरून जिन्याखाली पडलेली मी पाहिली आहेत.

मातीची गच्ची हा कचरा खाते. हायड्रोपोनिकची गच्ची खात नाही, तिला कॅनमधलं खत लागतं, ज्यातलं नायट्रेट नैसर्गिक वायू वापरून कारखान्यात बनतं. म्हणजे देवनारच्या सावलीत बसून, खाली हंडाभर भाजीचे देठ फेकून, वर बाहेरून नायट्रेट विकत आणायचं.

शिवाय दर दोन-तीन आठवड्यांनी टाकीतलं जुनं द्रावण बदलावं लागतं. ते जातं कुठे? गच्चीच्या पाइपातून गटारात, गटारातून नाल्यात, नाल्यातून खाडीत. पवई तलावावरची जलपर्णी कशावर पोसते? सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावरच. एका गच्चीने काही होत नाही, पण तुम्ही तर सगळ्या गच्च्या मागताय.

आणि हे नुसतं बोलणं नाही. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी 2002 च्या सुमारास स्वयंपाकघरातल्याच ओल्या कचऱ्यावर फळं-भाज्या उभ्या केल्या. त्याआधी डॉ. आर. टी. दोशी वांद्र्यात उसाच्या चिपाडावर गच्ची पिकवत होते. श्री. अ. दाभोळकरांचा प्रयोग परिवार, शेतात स्वतः प्रयोग करणाऱ्या शेतकऱ्यांचा गोतावळा, तर महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक आहे. हे ज्ञान मराठीत, फुकट, आपल्या हवामानात तावून निघालेलं आहे. मग कंपनीचा पैसा पाइपांनाच का मिळतो? कारण पाइप विकता येतात. पालापाचोळा कोण विकणार?

---

आरसीसी

ओला कचरासाहेब, मन तुमच्या बाजूने, आकडे नाहीत.

वापरातल्या सपाट गच्चीसाठी आयएस 875 या भारतीय मानकात लाइव्ह लोड (माणसं-सामानाचा वरचा भार) धरलाय चौरस मीटरला 1.5 किलोन्यूटन, म्हणजे साधारण दीडशे किलो. फूटभर जाडीची ओली माती चौरस मीटरला पाचशे किलोच्या घरात जाते. पुनर्वसन इमारतींचं काँक्रीट कसं असतं यावर इथे काही लिहीत नाही, मला अजून कामं करायची आहेत. पाइपांची मांडणी पाण्यासकट त्या मानाने फारच हलकी. फक्त टाकीचं वजन एका जागी येतं, ती स्लॅबच्या मधोमध न ठेवता कॉलमच्या डोक्यावर ठेवायची.

दुसरी गोष्ट गळती. कुठल्याही सोसायटीत वरच्या मजल्यावरचा माणूस शेतीच्या विरोधात का असतो? छताला ओल येते म्हणून. ब्रिक बॅट कोब्यावर (गच्चीवरच्या विटांच्या तुकड्यांच्या थरावर) माती टाकली की मुळं भेगा शोधतात आणि गळती कुठून होते ते मातीखाली दिसतही नाही. पाइपाची गळती उघड दिसते. तीस वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट (मजबुतीची तपासणी) कायद्याने सक्तीचं आहे, पण गच्चीवर काहीही चढवणार असाल तर वय न बघता आधी करून घ्या.

तिसरं, शेडनेटचा सांगाडा. 17 मे 2021 ला तौक्ते चक्रीवादळ आलं तेव्हा वाऱ्याने ताशी शंभर किलोमीटर ओलांडले होते. गच्चीवरचे पत्रे कुठे कुठे जाऊन पडले ते आठवा. सांगाडा कशाला बांधलाय? पॅरापेटला (कठड्याला) तारेने बांधलेला असेल तर खाली खेळणाऱ्या पोरांच्या आईबापांना विचारून पुढच्या गच्च्या मागा.

---

ओला कचरा

फूटभर माती कोण सांगतंय? आम्ही माती अशी वापरतच नाही. पालापाचोळा आणि कंपोस्ट, सहा इंच, पालेभाजीला रग्गड. ओलं झालं तरी तुमच्या दीडशेच्या आत बसतं. तेही कुंड्या-क्रेटमध्ये, विटांवर उचललेलं, खालून झाडू फिरतो. मुळं कोब्यापर्यंत पोचतच नाहीत.

---

आरसीसी

सहा इंच आणि क्रेट असेल तर हरकत नाही. फक्त सलग गच्चीभर नको, आणि त्याच गच्चीवर पुन्हा हळदीकुंकवाला शंभर बायका जमवू नका.

---

अर्धा ग्लास

विजेचा आणि पंपाचा मुद्दा सोडवता येतो. हवाई विद्यापीठातल्या बर्नार्ड क्रॅटकी यांची पद्धत आहे: डब्यात खतपाणी, वर झाकण, झाकणात रोप. पंप नाही. रोप पाणी पितं, पातळी उतरते, वरची मुळं हवेत राहून श्वास घेतात. आणि हायड्रोपोनिक म्हणजे परदेशी खूळ असंही नाही. 1946 साली कलिंपाँगला शोल्टो डग्लस या माणसाने बिनविजेची, खडी-वाळूची स्वस्त पद्धत बसवली होती, जगात ती बंगाल पद्धत म्हणून ओळखली गेली. मग कंपन्यांनी महागडे सांगाडे का आणावेत?

---

फवारणीवाला

पंप काढला की पाणी साचलं. साचलं की आमचं खातं आलं. (पालिकेच्या कीटकनाशक विभागात नोकरी केली, आता निवृत्त.) मुंबईत मलेरिया पसरवणारा स्टीफन्सी हा डास घाण पाण्यात नाही, स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. म्हणून तर गच्चीवरच्या टाक्यांची झाकणं तपासत आम्ही जिने चढायचो. डब्याच्या झाकणात कपाभोवती बोटभर फट राहिली तरी पुरे. शंभर डबे म्हणजे शंभर नोटिसा. फिरत्या पाण्यात आळी टिकत नाही, पण पंप रात्री बंद ठेवून वीज वाचवणारे बहाद्दरही पाहिलेत.

टाकीत गप्पी मासे सोडू का, असं कुणी विचारायच्या आत सांगतो: त्या खतपाण्यात त्यांच्यावर विसंबू नका. जाळी लावा, आठवड्याला एक दिवस डबे तपासा.

---

गच्चीवाली

बरंच काही हाताशी लागलं. अर्ध्या पिकाच्या अटीवर मी अजून ठाम आहे, कारण 'पैसे मिळाले की पालक घेऊ' हे घरात कोण ठरवतं ते मला रोज दिसतं. पैसा बाईच्या हातात आला तरी मोबाइलचा हप्ता आधी जातो. पान घरात आलं तर ते शिजतं.

पण एक गोष्ट अजून कुणी विचारली नाही आणि तीच मला झोपू देत नाही. कंपनीचा करार पुढच्या मार्चला संपतो. त्यानंतर 'ए-बी'चे कॅन ठेकेदाराकडूनच घ्यायचे असं कागदात आहे. हॉटेलांचे फोन नंबरही त्याच्याकडे. बायकांकडे फक्त मीटर वाचायचं कौशल्य आहे. याआधी एका गटाला दिलेली शिवणयंत्रं मी गंजताना पाहिली आहेत, ती निदान भंगारात विकली गेली. ऊन खाऊन ठिसूळ झालेले पाइप कोण घेणार?

---

जुन्नरकर

कॅनचं गूढ काही नाही. कॅल्शियम नायट्रेट, मॅग्नेशियम सल्फेट, मोनोपोटॅशियम फॉस्फेट, पोटॅशियम नायट्रेट, सूक्ष्म अन्नद्रव्यं. ही सगळी ठिबकवरची पाण्यात विरघळणारी खतं नारायणगावच्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात पोत्याने मिळतात. एका गटाला एक पोतं कितीतरी दिवस पुरेल. बायकांना वजनकाटा द्या आणि मिसळायला शिकवा. साका का बसतो हे ज्या मावशीला कळलंय, तिला एवढं सहज जमेल. ठेकेदार लागतो तो हॉटेलच्या नंबरासाठी.

---

तिसरा मजला

हॉटेलचे नंबर मिळवणं अवघड नाही, माल पोचवायला गटातलीच एक बाई पाठवा, ती नंबर घेऊनच येते. आमच्या गटाने तेच केलं. ठेकेदार चिडला, पण हॉटेलवाल्याला रोज तोच चेहरा दिसायला लागल्यावर त्याने थेट बोलायला सुरुवात केली.

आणि ताई, मोबाइलच्या हप्त्याचं म्हणालात. त्या मोबाइलवरच ऑर्डर येतात.

---

ओला कचरा

नव्या गच्च्यांबद्दल माझी सूचना: एका कोपऱ्यात कंपोस्टचे क्रेट सक्तीचे करा. टाकीतून काढलेलं जुनं द्रावण गटारात न सोडता पातळ करून त्या क्रेटना घाला, नत्र तिथे जिरेल. क्रेटमधलं अंगणवाडीला, पाइपातलं हॉटेलला. पाइपांना माझा विरोध कायम आहे, पण नाल्यात जाण्यापेक्षा बरं.

---

शहापूरकर

क्रेट ठेवा, पाइप ठेवा, भाडं घ्या, काय वाटेल ते करा. ठरावात एक ओळ माझी घाला: टाकी भरणाऱ्या नळाला पाण्याचं मीटर बसवायचं आणि दर महिन्याचा आकडा नोटीस बोर्डावर लावायचा. शेजारी तोडलेल्या मालाचं वजन. अ‍ॅरिझोनाचा हिशेब मला नको, मानखुर्दचा द्या. पुढच्या मे महिन्यात आमच्याकडे टँकर सुरू झाले की मी इथे येऊन विचारणार आहे.